डायनिंग टेबलचं पॉलिश दर पावसाळ्यात पांढरं पडतं: तीन वर्षांनी सापडलेलं कारण आणि उपाय

आमचं डायनिंग टेबल सागवानी आहे. पाच फूट बाय तीन फूट, चार फळ्या जोडून केलेलं. 1984 साली बाबांनी घरी सुतार बसवून करून घेतलं होतं. लाकूड अजून खणखणीत आहे, तक्रार होती ती पॉलिशची. मी सलग तीन वर्षं गणपतीच्या आधी ते पॉलिश करून घेतलं. गणपतीत पाहुणे येईपर्यंत तोंड दिसेल अशी चकाकी असायची, दिवाळीपर्यंत बरं चालायचं, आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच. तांब्या ठेवला तिथे पांढरं कडं, कुकर ठेवला तिथे ढगाळ डाग, आणि मधोमध एक पांढुरका पट्टा. कितीही पुसला तरी न जाणारा.

पॉलिश करणारे काका दर वेळी म्हणायचे, "ताई, पावसाळ्यात पांढरं पडतंच. अजून दोन हात मारून देतो." ते दोन हात मारायचे, मी पैसे द्यायचे आणि वर्षभराने आम्ही दोघं पुन्हा त्याच टेबलाशी उभे. चौथ्या वर्षी मी पॉलिश करून घ्यायचं थांबवलं आणि आधी टेबल नीट तपासलं. दोष पॉलिशच्या कंपनीत नव्हता, काकांच्या हातातही नव्हता. टेबलावर आधीपासून काय चढलंय हे आम्ही कोणी बघतच नव्हतो, आणि वर्षातल्या सगळ्यांत चुकीच्या महिन्यात त्यावर नवा थर देत होतो. पुण्यात सहकारनगरला आमच्याच सोसायटीत आणखी दोन घरांत हेच चाललंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

डाग पांढरा आहे की काळा?

सगळ्यात आधी हे बघा, कारण दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

पांढरा डाग म्हणजे ओल पॉलिशच्या थरात अडकली आहे, लाकडापर्यंत गेलेली नाही. थरात पाण्याचे अतिसूक्ष्म कण शिरले की उजेड विखुरतो आणि पारदर्शक थर दुधाळ दिसतो. हा डाग बरा होतो. चारपाच दिवस त्या जागी काही ठेवू नका, पंखा चालू ठेवा. पुष्कळ कडी आपोआप फिकट होतात. नाही झाली तर हेअर ड्रायर कमीत कमी गरम करून, वीतभर लांब धरून, हलवत हलवत फिरवा. तरीही राहिलं तर उदबत्तीची राख चहाच्या गाळणीतून चाळून घ्या, खोबरेल तेलाच्या दोन थेंबांत कालवा आणि मऊ सुती कापडाने रेषांच्या दिशेने हलकेच घासा. राखेने वरचा अगदी पातळ पापुद्रा घासला जातो, डाग बहुतेक वेळा तिथेच असतो. मग तेल पूर्ण पुसून काढा. आमच्या तांब्याची कडी अशीच गेली.

काळा किंवा निळसर काळा डाग म्हणजे पाणी पॉलिश ओलांडून लाकडात पोचलंय, आणि बहुतेक वेळा सोबत लोखंड आहे. सागात टॅनिन असतं. ओलं लोखंड त्याला लागलं की शाईसारखा काळा रंग तयार होतो. आमच्याकडे एका कोपऱ्यात लोखंडी कढईच्या बुडाचा असा डाग होता. हा वरून घासून जात नाही. पॉलिश काढून, उघड्या लाकडावर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावावं लागतं. कपभर गरम पाण्यात दोन चहाचे चमचे पूड पुरते. पण हे विष आहे. हातमोजे घाला, पूड नाकात जाऊ देऊ नका, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, जुना प्लास्टिकचा डबा घ्या. पंधरावीस मिनिटांनी ती जागा स्वच्छ पाण्याच्या फडक्याने तीनचार वेळा पुसा, दोन दिवस वाळू द्या आणि मगच पॉलिश पेपर (घासकागद) लावा. नीट न धुता घासलं तर तीच पूड धुळीतून श्वासात जाते.

टेबलावर आत्ता कोणतं पॉलिश आहे?

ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि मी ती तीन वर्षं केली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. टेबलाखाली वाका. कडेच्या पट्टीची आतली बाजू, जिथे कोणाची नजर जात नाही, ती जागा निवडा. कान साफ करायच्या काडीचा कापूस पॉलिशच्या स्पिरिटमध्ये बुडवा आणि तिथे अर्धा मिनिट टेकवून ठेवा.

कापूस तपकिरी झाला आणि ती जागा बोटाला चिकट लागली तर ते स्पिरिट पॉलिश आहे, म्हणजे लाखेचं. काही झालं नाही तर शेजारच्या जागी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावून बघा. त्याने थर विरघळून मऊ झाला तर एनसी लॅकर. सुरकुतून वर उचलला गेला तर बहुधा ऑइल व्हार्निश. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर मेलामाइन किंवा टू पॅक पीयू, म्हणजे ऐन वेळी हार्डनर (थर कडक करणारं द्रव्य) मिसळून लावायचं पॉलियुरेथेन. या दोघांतला फरक घरी कळणं अवघड आहे, पण अडत नाही, कारण दोन्ही विरघळत नाहीत, घासूनच काढावे लागतात. आणि पाण्याचा थेंब सरळ लाकडात जिरला तर तिथे नुसतं तेल किंवा मेण आहे, नाहीतर काहीच नाही.

आमच्या टेबलाचं उत्तर दोन भागांत आलं. कडेला काडी टेकवली तर कापूस लगेच चहाच्या रंगाचा झाला. लाख. पण वरच्या बाजूला, मधल्या पांढऱ्या पट्ट्याशेजारी, स्पिरिटने काहीच होईना. तिथे नखाने एक टवका उचलून पाहिला तर कागदासारखा पारदर्शक पापुद्रा निघाला आणि खाली तोच तपकिरी थर! म्हणजे बाबांच्या काळच्या लाख पॉलिशवर कधीतरी मेलामाइन चढवलं होतं. साध्या लाखेत नैसर्गिक मेण असतं. त्यावर मेलामाइन किंवा पीयू नीट धरत नाही. वरून चकचकीत दिसतं, पण दोन थरांमध्ये ओल शिरायला वाट राहते. आमचा मधला पट्टा हा डाग नव्हताच, तो सुटलेला थर होता. त्यावर आणखी कितीही हात मारले असते तरी तो पांढराच राहिला असता.

मग दर वर्षी का?

पापुद्रा हे एक कारण. आणखी तीन सापडली.

पहिलं, मुहूर्त. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. त्या दिवसांत पुण्यात सकाळची आर्द्रता सहज 80 टक्क्यांच्या वर असते. स्पिरिट आणि थिनर झपाट्याने उडतात आणि उडताना पृष्ठभाग थंड करतात. माठ पाझरून गार होतो, त्यातलाच हा प्रकार. गार झालेल्या ओल्या थरावर हवेतली वाफ बसते आणि आत कोंडली जाते. कारागीर याला पॉलिश 'धुरकटलं' म्हणतात. स्पिरिट पॉलिश, एनसी लॅकर आणि मेलामाइन तिन्हींना हे होतं. टू पॅक पीयूचं दुखणं वेगळं आहे. त्याच्या हार्डनरची पाण्याशी क्रिया होऊन वायू सुटतो आणि थरात बारीक फोड येतात.

दुसरं, प्लास्टिक. आपल्याकडे टेबल 'खराब होऊ नये' म्हणून वर पारदर्शक जाड प्लास्टिक अंथरतात. पॉलिश झालं की तिसऱ्या दिवशी मीही अंथरायचे. गरम भांड्याची वाफ, सांडलेलं पाणी, पुसलेल्या फडक्याची ओल, सगळं त्याखाली महिनोन् महिने कोंडलेलं राहतं. शिवाय प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू पॉलिशमध्ये उतरतं आणि थर नरम पडतो. मी ते उचललं तेव्हा करकर आवाज होऊन ते सोलत वर आलं, खालून कुबट वास, आणि प्लास्टिकवरची बारीक चौकड्यांची नक्षी पॉलिशवर जशीच्या तशी उमटलेली. मिक्सरच्या रबरी पायांचे डागही याच कारणाने पडतात.

तिसरं कारण मला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका म्हाताऱ्या सुतारमामांनी दाखवून दिलं. मी फोटो दाखवत होते, त्यांनी फोटो पाहिलेच नाहीत. एवढंच विचारलं, "खालून पॉलिश केलंय का?" नव्हतं केलं. कोणीच करत नाही. वरून बंद आणि खालून कोरं असं टेबल पावसाळ्यात खालून ओल पितं, खालची बाजू फुगते आणि फळ्यांच्या कडा वर उचलल्या जातात. आमच्याकडे सांडलेलं पाणी कडेला न जाता मधोमध जमायचं, त्याचं कारण मला चाळीस वर्षांनी कळलं. फळ्या हलतात तसा वरचा कडक थर ताणला जातो, सांध्यांवर केसासारख्या भेगा पडतात आणि पाण्याला दारं उघडी होतात.

जुनं पॉलिश काढणं

चिकटून बसलेलं, एकसंध जुनं पॉलिश असेल तर नुसतं 320 नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) घासून त्याच जातीचा नवा हात देता येतो. आमच्यासारखं पापुद्रे सुटत असतील तर पूर्ण काढण्याला पर्याय नाही. मी होळीनंतरच्या आठवड्यात सुरुवात केली.

मेलामाइनचा थर लांबी भरायच्या पत्रीने खरवडला, सुटलेला असल्याने निम्मा सहज निघाला. उरलेला 80 आणि 120 नंबरच्या पॉलिश पेपरने. खालची लाख स्पिरिटने भिजवली, दहा मिनिटं वरून प्लास्टिकची पिशवी झाकून ठेवली, आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने रेषांच्या दिशेने काढली. तारेची घासणी मात्र वापरू नका. तिचे कण सागात अडकतात आणि पुढे ओल लागली की प्रत्येक कणाचा काळा ठिपका होतो. स्पिरिट लगेच पेट घेतं, म्हणून गॅस, निरांजन, उदबत्ती सगळं बंद, खिडक्या उघड्या.

मग 120, 180, 220 या क्रमाने घासलं. आडवं किंवा गोल घासू नका. आत्ता न दिसणारे ओरखडे पहिल्याच हाताबरोबर उठून दिसतात. 220 च्या पुढे जायचीही गरज नाही. सागाची धूळ त्वचेला आणि छातीला त्रास देते, मला मनगटांवर पुरळ आलं होतं. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

टेबल व्हिनीअर लावलेल्या प्लायचं असेल तर मात्र इथेच थांबा. वरच्या खऱ्या लाकडाचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतो, एका दुपारच्या घासण्यात आरपार जातो आणि तो परत येत नाही. ओळखायचं असेल तर टेबलाच्या टोकाची बाजू बघा. भरीव लाकडात वरच्या रेषा टोकाला जाऊन आडव्या छेदासारख्या, बारीक छिद्रांच्या दिसतात. व्हिनीअरमध्ये तिथे वेगळी पट्टी चिकटवलेली दिसते.

नवं कोणतं लावायचं?

स्पिरिट पॉलिशवर माझं प्रेम आहे. सागाला ते जो खोल मधाळ रंग देतं तो दुसऱ्या कशाने येत नाही, आणि दुरुस्तीला इतकं सोपं दुसरं पॉलिश नाही, कारण नवा हात जुन्यात विरघळून एक होतो. एक लिटर स्पिरिटला साधारण 200 ते 250 ग्रॅम लाख, रात्रभर भिजवून गाळलेली. पण लाख गरम भांड्याने मऊ पडते, पाण्याने पांढरी होते आणि साबणाच्या पाण्याने खराब होते. देव्हारा, पुस्तकांचं कपाट, बैठकीतला पाट यांना जरूर लावा. जेवणाच्या टेबलाला नको.

मेलामाइन स्वस्त, कडक, उष्णतेला बरं. मात्र ते ठिसूळ असतं, लाकूड हललं की तडकतं, आणि लावल्यावर डोळे चुरचुरणारा वास काही दिवस राहतो. दमेकरी किंवा लहान मूल असलेल्या घरात मी ते टाळीन.

टू पॅक पीयू जेवणाच्या टेबलाला सगळ्यात मजबूत. पण ते जाणत्या कारागिराकडूनच, शक्यतो त्याच्या कारखान्यात टेबल नेऊन करून घ्या. त्याचं हार्डनर फवारताना श्वासात गेलं तर दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क तिथे काही कामाचा नाही. घरी, बंद खोलीत फवारणी करू देऊ नका.

वॉटर बेस्ड पीयूला वास कमी आणि ते पिवळं पडत नाही. पाण्यामुळे लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून आधी ओलं फडकं फिरवून, वाळल्यावर 220 ने घासून घ्यावं लागतं. सागावर ते थोडं फिकं, थंड दिसतं असं माझं मत.

तेल आणि मेण ज्यांना आवडतं त्यांनी एक लक्षात ठेवा: खोबरेल, शेंगदाणा, मोहरी ही तेलं कधीच वाळत नाहीत. ती लावलेलं टेबल चिकट राहतं आणि धूळ धरतं. वाळणारं तेल म्हणजे जवसाचं, तेही बॉइल्ड म्हणून मिळतं ते. अगदी पातळ लावून अर्ध्या तासात जास्तीचं पुसून घेतलं तरच. दर वर्षी एकदा हात द्यायची तयारी हवी.

मी सिंगल पॅक (हार्डनर न मिसळता लावायचं) पीयू व्हार्निश निवडलं, सॅटिन म्हणजे मंद चमकेचं, टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारं. टू पॅकइतकं कडक नाही, पण किंचित लवचिक आहे, फळ्यांबरोबर थोडं हलतं, आणि ब्रशशिवाय कापडाने घरच्या घरी लावता येतं. रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत सगळं सामान मिळालं. एक लिटर व्हार्निश दोन्ही बाजू करून उरलं.

लावताना

सागात स्वतःचं तेल असतं, त्यावर तेलाची व्हार्निशं वाळायला कुरकुरतात. म्हणून पहिल्या हाताच्या अगदी आधी पृष्ठभाग थिनरच्या फडक्याने पुसून घेतला आणि ते उडून जाताच लावायला घेतलं. आधी चमक यायला सिलिकॉनचा स्प्रे मारत असाल तर घासण्याआधी आणि नंतर टर्पेंटाइनने दोनतीनदा पुसा, फडकं दर वेळी नवं. नाहीतर व्हार्निश जागोजागी गोल मागे सरकतं आणि खड्डे पडतात.

पहिला हात अर्धं व्हार्निश, अर्धं टर्पेंटाइन. जुन्या सुती बनियनच्या कापडाची घडी करून, लांब सरळ ओढींनी. चोवीस तासांनी 320 ने हलकं घासून, धूळ पुसून दुसरा. असे वरच्या बाजूला सहा आणि खालच्या बाजूला तीन. कडा आणि फळ्यांची टोकं विसरू नका, टोकांतून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं.

वेळ सकाळी सात ते दहा. एप्रिलमधल्या दुपारी 38-39 अंशांत व्हार्निश पसरायच्या आत ओढ घेतं आणि कापडाच्या रेघा राहतात. पंखा बंद, खोली आदल्या संध्याकाळी पुसलेली. मी एक छोटा आर्द्रतामापक आणून शेजारी ठेवला होता. आकडा 65 च्या खाली असेल तरच डबा उघडायचा. मेमध्ये वळवाचा पाऊस झाला की दोन दिवस थांबायचं. होळी ते अक्षय्य तृतीया हा पुण्यातला उत्तम काळ, तो चुकला तर कोजागिरीनंतर. गणपतीच्या आधी कोणी कितीही आग्रह केला तरी नाही.

एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. व्हार्निश किंवा जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि बोळ्यात उष्णता कोंडून आपोआप पेटू शकतात. मी प्रत्येक फडकं बादलीत पाण्यात बुडवायचे, मग गॅलरीच्या दांडीवर एकेरी पसरून कडकडीत वाळवायचे.

तरीही बिघडलं तर

चोवीस तासांनंतरही चिकट असेल तर थर जाड झालाय किंवा हवा दमट आहे. वरून आणखी काही लावू नका, दोन दिवस वाट बघा. आठवडा उलटला तरी चिकट राहिलं तर टर्पेंटाइनने पुसून काढा आणि पातळ हातापासून पुन्हा सुरू करा. स्पिरिट पॉलिश चिकट राहिलं तर बहुधा भिजवलेली लाख जुनी आहे. तिचा एक थेंब काचेवर ठेवून दुसऱ्या दिवशी नखाने दाबून बघा, ठसा उमटला तर ती बाटली टाकून द्या. ताज्या स्पिरिट पॉलिशवर धुरकट आलं तर कोरड्या दिवशी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला कापडाचा गोळा एकदाच, न थांबता फिरवा. थांबलात तर तिथेच खड्डा.

हाताला कोरडं लागलं म्हणजे पक्कं झालं असं नाही. सिंगल पॅक व्हार्निशला पूर्ण कडक व्हायला तीनचार आठवडे लागतात. आम्ही महिनाभर खाली पंगत मांडून जेवलो. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, त्यांचं ताट तेवढं स्टुलावर.

गेल्या जुलैत सलग आठ दिवस झड लागली होती. रोज रात्री मी टेबलावर आडवा टॉर्च धरून बघायचे. तांब्याखाली कडं उठलं, ते सकाळी पुसल्यावर गेलं. सांडलेलं पाणी आता कडेकडे वाहतं. कढईचा काळा डाग दोनदा ॲसिड लावूनही पुसट राहिलाच आहे, तो मी तसाच ठेवला. प्लास्टिक पुन्हा घातलेलं नाही. सुती टेबलक्लॉथ आहे, जेवणं झाली की तो उचलून दांडीवर टाकते, आणि कुकर लाकडी पाटावर.